दोन्ही उत्तरं बरोबर असतील तर मार्क कोणाला?

गणपतीत इंदूरच्या मराठी वस्त्यांमध्ये क्विझ असतेच, रामबाग असो, लोकमान्य नगर असो की राजेंद्र नगर, आरती आटोपली की खुर्च्या मांडल्या जातात आणि माईकवरून कोणीतरी "पहिला प्रश्न" म्हणतं. विसर्जन झालं की मग आमच्याकडे पत्रं यायला लागतात. ह्या वेळी एकाच तऱ्हेची इतकी आली की म्हटलं हा पूर्ण कॉलम त्यालाच देऊन टाकू. तक्रार सगळ्यांची एकच, आमचं उत्तर बरोबर होतं तरी चूक धरलं. मी एकेक पत्र नीट वाचलं आणि बहुतेकांचं म्हणणं खरं निघालं, कारण प्रश्नच असे होते की दोन काय, चार उत्तरं बरोबर यावीत. मंडळांची आणि शाळांची नावं मुद्दाम काढून टाकलीत, कोणाचं भांडण लावायचं नाहीये, पण प्रश्न मात्र नीट व्हायला पाहिजेत.

ताई, आमच्या क्विझमध्ये विचारलं की १९५६ च्या आधी मध्य प्रदेशची राजधानी कोणती होती. आम्ही नागपूर म्हणालो, दुसरी टीम ग्वाल्हेर म्हणाली. परीक्षकांनी कार्डावर बघून "इंदूर" सांगितलं आणि दोन्ही टीमना शून्य. माझे सासरे मूळ नागपूरचे, ते अजून चिडलेले आहेत. खरं काय?
— एक वाचक, राजेंद्र नगर

सासऱ्यांना सांगा, तिघांत त्यांचंच उत्तर सगळ्यात पक्कं होतं. "मध्य प्रदेश" ह्या नावाचं राज्य १९५६ च्या आधीही होतंच, इंग्रजांच्या वेळच्या सी.पी. अँड बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) ह्या प्रांताचं नाव १९५० मध्ये मध्य प्रदेश झालं आणि त्याची राजधानी नागपूर. म्हणजे प्रश्नातले शब्द जसेच्या तसे धरले तर नागपूर, बस.

पण त्या मध्य प्रदेशात आपलं इंदूर नव्हतंच ना! आपण होतो मध्य भारतात. हे राज्य १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली बाकीची संस्थानं एकत्र करून झालं, जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. आता शिंद्यांची आणि होळकरांची दोन्ही मोठी शहरं, राजधानी एकालाच कशी द्यायची, तर तोड अशी काढली की हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. म्हणजे दुसऱ्या टीमचं ग्वाल्हेर पण बरोबर आणि परीक्षकांच्या कार्डावरचं इंदूर पण बरोबर, फक्त ह्या दोन्हीसाठी प्रश्नात "मध्य भारत" असं म्हणायला हवं होतं. आणि कोणी रीवा म्हटलं असतं तर? विंध्य प्रदेशची राजधानी रीवा, तोही १ नोव्हेंबर १९५६ ला आजच्या मध्य प्रदेशात आला. भोपाळ तेव्हा वेगळं छोटं राज्य होतं, त्याची राजधानी भोपाळच. चार राज्यांचे तुकडे जोडून आजचा मध्य प्रदेश झाला (विदर्भाचे जिल्हे तेवढे निघून मुंबई राज्यात गेले), त्यामुळे "आधीची राजधानी" एक असूच शकत नाही.

मला तर उलट वाटतं की हा प्रश्न फार छान आहे, फक्त नीट विचारला पाहिजे. राजधानी भोपाळला गेली तेव्हा बाकीची शहरं अगदीच रिकाम्या हातानी राहिली नाहीत, हायकोर्ट जबलपूरला आणि त्याची खंडपीठं इंदूर-ग्वाल्हेरला, रेव्हेन्यू बोर्ड ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. ह्या एका प्रश्नात एवढा इतिहास भरलाय आणि आपण त्याचं एका शब्दाचं कार्ड करून शून्य वाटत बसतो, हे मला मनापासून खटकतं.

आणखी एका पत्रात होळकरांच्या राजधानीवरून अगदी हेच झालंय. अहिल्याबाईंच्या काळात महेश्वर. पुढे होळकरांची इंग्रजांशी महिदपूरची लढाई झाली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर राजधानी इंदूरला आली. प्रश्नात साल टाकलं असतं तर वादच नव्हता.

ताई, मी बुऱ्हाणपूरचा, भंवरकुआला रूम घेऊन पीएससीची तयारी करतोय. भारताचा पहिला गव्हर्नर जनरल कोण, एका गाईडमध्ये वॉरन हेस्टिंग्ज आहे आणि दुसऱ्यात विल्यम बेंटिंक. आमच्या रूमवर रोज ह्याच्यावरून वाद. कोणतं पाठ करू?
— एक विद्यार्थी, भंवरकुआ

दोन्ही कर, पण पदाच्या नावासकट कर. १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टनी जे पद तयार झालं ते बंगालच्या फोर्ट विल्यमच्या गव्हर्नर जनरलचं, त्यावर पहिला हेस्टिंग्ज. बेंटिंक १८२८ पासून ह्याच बंगालच्या पदावर होता, मग १८३३ चा चार्टर अॅक्ट आला आणि पदाचं नावच "भारताचा गव्हर्नर जनरल" झालं, म्हणून त्या नावाचा पहिला बेंटिंक. स्वतंत्र भारताचा पहिला विचारला तर माउंटबॅटन. पहिला भारतीय गव्हर्नर जनरल विचारला तर राजगोपालाचारी, आणि शेवटचे पण तेच, कारण २६ जानेवारी १९५० ला ते पदच संपलं. कॅनिंग तर असा आहे की १८५८ नंतर तोच गव्हर्नर जनरल आणि तोच पहिला व्हॉइसरॉय. म्हणजे "पहिला" ह्या एका शब्दामागे पाच नावं उभी आहेत, पेपरमध्ये त्या शब्दाच्या पुढे-मागे काय लिहिलंय त्यावर बोट ठेवून वाच.

आणि रूमवरचा वाद वाया जातोय असं समजू नकोस. आयोग आधी प्रोव्हिजनल आन्सर की टाकतो, आक्षेप मागवतो आणि मग फायनल करतो. ही सोय आहेच ह्यासाठी की प्रश्न काढणाऱ्याकडूनही कधीकधी दोन बरोबर ऑप्शन सुटून जातात. ज्या मुलांना दोन्ही उत्तरं का बरोबर ते माहीत असतं तीच नीट आक्षेप लिहू शकतात, नुसतं "गाईडमध्ये असं आहे" लिहून चालत नाही.

भजनी मंडळात आम्ही बायकांनी बारा ज्योतिर्लिंगांची नावं आणि ठिकाणं सांगायची स्पर्धा ठेवली होती. एकीनी वैद्यनाथ परळीला सांगितलं, दुसरीनी देवघरला. नागनाथावरून तर विचारूच नका. कोणाला बक्षीस द्यायचं तेच कळेना म्हणून शेवटी प्रसाद वाटून मोकळ्या झालो. ताई, ह्यात खरं कोणतं?
— एक काकू, सुदामा नगर

काकू, तुमच्या पत्राला जरा जास्त जागा देते कारण असा प्रश्न दुसरा नाही, ह्यात दोन-तीन उत्तरं शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदतायत.

आपण रोज म्हणतो त्या स्तोत्रात "परल्यां वैद्यनाथं च" असं आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाला परळी सोडून दुसरं काही सुचतच नाही. पण शिवपुराणातल्या यादीत "वैद्यनाथं चिताभूमौ" असं येतं आणि झारखंडातल्या देवघरचे लोक म्हणतात ती चिताभूमी आमचीच. श्रावणात तिथे कावड घेऊन लाखो लोक जातात, त्यांना परळी सांगून बघा बरं! नागेशाचं तसंच, स्तोत्रात "दारुकावने" एवढंच आहे, ते दारुकावन हिंगोली जिल्ह्यात धरलं तर औंढा नागनाथ, द्वारकेजवळ धरलं तर नागेश्वर, आणि उत्तराखंडात अल्मोड्याकडे देवदारांच्या रानात जागेश्वर आहे तेही म्हणतात आमचंच. भीमाशंकर आपल्याला पुणे जिल्ह्याचं, पण आसामात गुवाहाटीजवळच्या लोकांचा दावा वेगळा.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या ओंकारेश्वराचं बघा ना. इंदूरहून सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाच्या आत दर्शन होतं, आपल्यातले किती जण तर दरवर्षी जातात. तिथे नर्मदेच्या मध्ये मांधाता बेटावर ओंकारेश्वर आणि अलीकडच्या दक्षिण काठावर ममलेश्वर. पुलावर उभं राहिलं की एकीकडे एक देव आणि दुसरीकडे दुसरा, खाली नर्मदा. स्तोत्रानीसुद्धा दोघांची नावं एका दमात घेतलीत, "ओंकारममलेश्वरम्", आणि मोजणीत दोघं मिळून एकच धरलेत. म्हणून जुनी माणसं सांगतात की एक करून परत येऊ नका, दोन्हीकडे पाणी घाला. कोणी तुमच्या स्पर्धेत "मध्य प्रदेशात ज्योतिर्लिंगं किती" विचारलं तर उत्तर दोनच, महाकाल आणि ओंकार, पण "ओंकारेश्वरला कोणत्या देवळात" विचारलं तर दोन्ही देवळं बरोबर.

असाच एक प्रश्न अहिल्याबाईंमुळे इंदूरच्या माणसाला नक्की यायला पाहिजे, सोमनाथाचं देऊळ कोणी बांधलं. समुद्रावरचं मोठं देऊळ सरदार पटेलांच्या पुढाकारानी उभं राहिलं, ११ मे १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते तिथे प्रतिष्ठापना झाली. पण त्याच्या जवळच अहिल्याबाईंनी १७८३ मध्ये बांधलेलं सोमनाथाचं देऊळ आहे, लोक त्याला जुना सोमनाथ म्हणतात, आणि तिथेही रोज पूजा होते. सोमनाथला जाऊन मोठंच देऊळ बघून परत येणारे इंदूरकर भेटले की मला वाईट वाटतं.

तर काकू, बक्षीस दोघींना द्या, आणि पुढच्या वेळी नावाबरोबर "हे ठिकाण कशावरून" असं पण सांगायला लावा. स्पर्धा दुप्पट रंगेल, आणि परळीवालीला देवघर कळेल, देवघरवालीला परळी.

ताई, सरांनी तोंडी परीक्षेत जगातला सगळ्यात उंच पर्वत विचारला. मी मौना केआ सांगितलं कारण मी वाचलं होतं. सगळे हसले आणि मला मार्क नाही मिळाला. मी चूक होतो का? इयत्ता सातवी.
— एक विद्यार्थी, स्नेहलतागंज

नाही रे बाळा, तू चूक नव्हतास, आणि हसणाऱ्यांना हे वाचून दाखव. उंची कुठून मोजायची त्यावर सगळं आहे. समुद्रसपाटीपासून मोजली तर एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर. हवाईच्या मौना केआचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे, तिथून मोजला तर तो १०,००० मीटरच्या वर जातो, पण पाण्याच्या वर दिसतो फक्त ४,२०७ मीटर. तिसरं उत्तर पण आहे, इक्वेडोरचा चिंबोराझो, त्याची उंची ६,२६३ मीटरच आहे पण पृथ्वी विषुववृत्तावर जरा फुगलेली असते ना, त्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर त्याचं टोक एव्हरेस्टपेक्षा सुमारे २ किलोमीटर जास्त लांब जातं. भूगोलात रीत समुद्रसपाटीची, म्हणून लेखी परीक्षेत एव्हरेस्ट लिही. तोंडी असेल तर "कुठून मोजायचं सर?" असं विचार, हात वर करून, नीट शब्दांत. चांगल्या शिक्षकांना असा प्रश्न आवडतो.

घरी आजोबा नऊ ग्रह म्हणाले तर त्यांना पण चूक म्हणू नकोस हं. २४ ऑगस्ट २००६ पर्यंत पुस्तकात नऊच होते, त्या दिवशी प्लूटोला बटुग्रह ठरवलं आणि आठ झाले. आणि पत्रिकेतले नऊ तर वेगळेच, त्यात सूर्य-चंद्र आहेत, राहू-केतू आहेत, आणि आपली पृथ्वीच नाही.

मध्य प्रदेशनी रणजी ट्रॉफी किती वेळा जिंकली? मी पाच म्हटलं, नातू म्हणतो एक. मी लहानपणी सी. के. नायडूंना खेळताना पाहिलंय हो, मला कोण शिकवणार.
— एक आजोबा, रामबाग

आजोबा, तुम्ही ज्यांना पाहिलंत त्यांच्याबद्दल आम्ही नुसतं वाचतो. नातवाचं एक बरोबर आहे, मध्य प्रदेश ह्या नावाच्या टीमनी एकदाच जिंकली, २०२१-२२ च्या सीझनची, जून २०२२ मध्ये बेंगळुरूला मुंबईला हरवून. कोच चंद्रकांत पंडित, आणि त्यांनीच १९९८-९९ मध्ये कॅप्टन म्हणून त्याच मैदानावर मध्य प्रदेशची फायनल गमावली होती. पण त्याच्या कितीतरी आधी होळकर टीमनी चारदा जिंकली, १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. आपल्या मातीतल्या टीमनी किती वेळा, असं विचारलं तर तुमचं पाच बरोबर. होळकर टीम काय होती ते नातवाला सांगा, नायडू, मुश्ताक अली, आणि १९४४-४५ च्या फायनलला तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरकडून खेळला. युद्धामुळे तो महूच्या छावणीत होता. नाबाद २४९ केले त्यानी, तरी मॅच मुंबईनी जिंकली.

नायडूंवरूनच एक प्रश्न तुम्ही नातवाला टाका, १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचा कॅप्टन कोण? दौऱ्याचे कॅप्टन पोरबंदरचे महाराज होते, आणि लॉर्ड्सच्या टेस्टला कॅप्टन नायडू. तो काहीही म्हणाला तरी दुसरं उत्तर तुमच्या हातात.

आम्ही दोघं मिळून कॉलनीच्या क्विझचे प्रश्न काढतो. दरवर्षी कोणी ना कोणी माईक ओढतं. प्रश्न काढताना नेमकी काय काळजी घ्यायची ते सांगा ना ताई, पुढच्या वर्षी कामाला येईल.
— दोन आयोजक, लोकमान्य नगर

तुमचं पत्र आलं ह्याचाच मला फार आनंद झाला, बाकी सगळी पत्रं भाग घेणाऱ्यांची होती.

पहिलं म्हणजे "पहिला", "सगळ्यात मोठा", "सगळ्यात जुना" हे शब्द आले की थांबायचं आणि अजून कोण दावेदार आहे ते शोधायचं. भारतातला पहिला सिनेमा घ्या. फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, हे उत्तर सगळ्यांना येतं. पण दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला लागला होता, त्याच गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये. त्याला पहिला का धरत नाहीत तर ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. तेव्हा "पूर्ण भारतीय बनावटीचा पहिला कथापट" विचारा, किंवा मग दोन्ही बरोबर धरा. मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख पण तसाच, कोणी श्रवणबेळगोळ म्हणेल, कोणी अलिबागजवळचं अक्षी, कोणी सोलापूरकडचं हत्तरसंग-कुडल, आणि तिघांच्या मागे अभ्यासक उभे आहेत, अक्षीच्या लेखातला शक कसा वाचायचा ह्यावरच एकमत नाही. असा प्रश्न क्विझला घेऊच नका, तो व्याख्यानाचा विषय आहे.

दुसरं, तारीख. क्षेत्रफळानी देशातलं सगळ्यात मोठं राज्य कोणतं, १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं होईपर्यंत मध्य प्रदेश, नंतर राजस्थान. जुन्या पुस्तकातून प्रश्न उचलला की इथेच फसतं. महाराजांचा राज्याभिषेक तर एकाच वर्षात दोन वेळा झाला, ६ जून १६७४ ला वैदिक आणि २४ सप्टेंबर १६७४ ला तांत्रिक पद्धतीचा, म्हणून "१६७४ मध्ये कोणत्या तारखेला" असं विचारलं की दोन उत्तरं आलीच.

तिसरं, राजधान्या. दक्षिण आफ्रिकेच्या तीन आहेत, प्रिटोरिया, केपटाऊन आणि ब्लूमफाँटेन, बोलिव्हियाला सुक्रे आणि ला पाझ, आणि आपल्या महाराष्ट्राचं हिवाळी अधिवेशन नागपूरला. हा प्रश्न उलटा विचारा, "दक्षिण आफ्रिकेच्या तिन्ही राजधान्या सांगा", म्हणजे अडचण होती तीच मजा होईल.

बाकी कार्ड लिहिताना उत्तराच्या खाली एक ओळ मोकळी ठेवा आणि तिथे "हेही चालेल" म्हणून दुसरं उत्तर लिहा. माईकवाला आणि परीक्षक एकच माणूस नको, कारण माईकवाल्याला कार्यक्रम पुढे न्यायची घाई असते. कोणी आक्षेप घेतला तर त्याला अर्धा मिनिट बोलू द्या, कारण सांगता आलं तर मार्क द्या, नुसता आवाज चढवला तर देऊ नका. मोबाईलवर बघायचं असेल तर परीक्षकांनीच बघावं, टीमनी नाही. आणि दोन टीमची दोन वेगळी उत्तरं बरोबर निघाली तर दोघांना पूर्ण मार्क, अर्धे-अर्धे अजिबात करू नका, कोणाचंच उत्तर अर्धं नव्हतं. ह्यामुळे शेवटी टाय झाला तर टायब्रेकरला आकड्याचा प्रश्न ठेवा, जसं नर्मदेची लांबी किती किलोमीटर, सरकारी आकडा १,३१२, आणि जो जास्त जवळ जाईल तो जिंकला.